येळ्ळूरचे तात्या आणि डोक्यातलं पाणी: एका केसची सगळी हकीकत

पेशंटची ओळख आधी. पुरुष, वय ७३, राहणार येळ्ळूर, म्हणजे बेळगावला लागून राजहंसगडाच्या पायथ्याचं गाव. सगळी उमर उद्यमबागेतल्या एका फौंड्रीत मोल्डर म्हणून गेली, रिटायर झाल्यावर घरचं भात बघायचं आणि भावकीतल्या भिशीचा हिशोब ठेवायचा. शुगर आहे पण गोळीवर कंट्रोलमध्ये, बीपीची एक गोळी, हार्टसाठी म्हणून रक्त पातळ ठेवणारी इकोस्प्रिन. इथं त्यांना तात्या म्हणते, ओळख पटेल असे काही तपशील बदललेत आणि लिहायला घरच्यांची परवानगी आहे. मी फिजिओथेरपिस्ट आहे, त्यामुळे ही केस पायांच्या बाजूनं सांगणार, न्यूरोसर्जननी लिहिली असती तर डोक्याच्या बाजूनं लिहिली असती.

माझ्याकडे ते कंबरेसाठी आले होते. चिठ्ठीवर 'लंबर स्पॉन्डिलोसिस, कंबरेचे व्यायाम द्या' एवढंच. सोबत थोरला मुलगा, सून आणि फायलींची पिशवी. पिशवीत तीन वेगवेगळ्या फायली, तीन वेगवेगळ्या डॉक्टरांच्या, आणि एका फायलीतल्या डॉक्टरला दुसऱ्या फायलीचा पत्ता नाही असा प्रकार.

पहिली फाईल हाडांची. दोनेक वर्षांपूर्वी चालणं मंदावलं म्हणून एक्स-रे काढला, मणक्यात गॅप निघाला, पट्टा आणि कॅल्शियम. आता ७३ वर्षांच्या, आयुष्यभर वाकून साचे भरलेल्या माणसाच्या कंबरेचा एक्स-रे काढल्यावर गॅप निघणार नाही तर काय निघणार, कुणाचाही काढा निघतोच. दुसरी फाईल लघवीची, सोनोग्राफीत प्रोस्टेट थोडी वाढलेली, टॅमसुलोसिन चालू, त्यानं उठताना चक्कर यायला लागली म्हणून बंद, परत चालू. तिसरी फाईल विसरण्याची. भिशीचा हिशोब चुकायला लागला, बोलताना मधेच गप्प बसायचे, दिवसभर खुर्चीत. तिथं एका फिजिशियननी पार्किन्सन असेल म्हणून लेवोडोपा देऊन बघितली होती, तीन महिने, डोस वाढवूनसुद्धा, काडीचा फरक नाही.

आणि या तिन्ही फायलींमध्ये सुटा पडलेला एक सीटी स्कॅन. मागल्या पावसाळ्यात तात्या परसातल्या संडासाला जाताना उंबऱ्याला पाय अडकून पडले होते, डोक्याला मार लागला म्हणून काढलेला. रिपोर्टमध्ये रक्तस्राव नाही, फ्रॅक्चर नाही, आणि खाली एक ओळ, मेंदूच्या पोकळ्या मोठ्या दिसतात, वयानुसार मेंदू आकसल्यामुळे असावं. घरचे खूश, काही निघालं नाही म्हणून.

तात्यांना विचारलं काय होतंय, तर म्हणाले, "दुखत न्हाई वो मॅडम तसं. पर पाय उचलंना झालाय. म्होरं जाऊ म्हटलं तर जाईना." कंबरदुखीच्या पेशंटचं हे वाक्य नव्हे. कंबरेचा पेशंट आधी दुखणं सांगतो, मग चालणं.

मग सुनेला विचारलं, नेमकं आधी काय बिघडलं? ती एकदम क्लिअर होती, कारण तिलाच सगळं काढावं लागत होतं. "आधी चालणं की वो. ते झाल्यावर वर्षभरानं बाथरूमचं, म्हणजे कळतं त्यांना पण जाईपर्यंत थांबत नाही. इसरायला लागले ते सगळ्यात नंतर." हा क्रम तिला आजवर कुणी विचारलाच नव्हता. प्रत्येकानं आपल्या खात्यापुरता प्रश्न विचारला आणि आपल्या खात्यापुरती गोळी दिली. माझ्या मते या केसमध्ये निदान तिथंच झालं, एमआरआय वगैरे सगळं नंतरचं. चाल, मग लघवी, मग स्मरण, या क्रमानं बिघडत गेलेला म्हातारा माणूस दिसला की नॉर्मल प्रेशर हायड्रोसेफॅलस, म्हणजे मेंदूच्या पोकळ्यांत पाणी साठण्याचा आजार, डोक्यात आलाच पाहिजे. पुढं नुसतं एनपीएच म्हणते.

चालायला लावलं. पाय फाकवलेले, पावलं बाहेरच्या बाजूला वळलेली, एक वीत एक वीत टाकत चालायचं, आणि पाऊल फरशीवरून सुटतच नाही, घासत पुढं जातं. पुस्तकात याला मॅग्नेटिक गेट म्हणतात, चुंबकानं धरून ठेवल्यासारखी चाल. पण हात मात्र छान हलत होते. पार्किन्सनमध्ये सहसा उलटं, पाय जवळजवळ, एका हाताचा झोका कमी, चेहरा थिजलेला, हाताला कंप असू शकतो. तात्यांना कंप नव्हता. वळायला सांगितलं तर जागच्या जागी नऊ पावलं टाकून वळले, तीही भिंतीचा आधार घेऊन. पार्किन्सनच्या पेशंटला फरशीवर पट्ट्या मारून दिल्या की बऱ्याचदा पावलं मोकळी पडतात, आमची नेहमीची युक्ती ती, तात्यांना पट्ट्यांनी विशेष फरक पडला नाही. आणि गंमत म्हणजे कॉटवर आडवं झोपवून सायकल मारायला सांगितली तर दोन्ही पाय मस्त फिरवले! ताकद होती, सांधे ठीक होते, संवेदना ठीक. उभं राहून चालायची वेळ आली की मात्र गाडी बंद.

टाइम्ड अप अँड गो नावाची साधी टेस्ट आहे. खुर्चीतून उठायचं, तीन मीटर चालायचं, वळून परत येऊन बसायचं, आपण घड्याळ लावायचं. या वयाच्या धडधाकट माणसाला दहा-बारा सेकंद पुरतात. तात्यांना ३४ लागले. मुलाला मोबाईलवर व्हिडिओ काढायला सांगितला, हा व्हिडिओ पुढं फार कामाला आला.

कंबरेचे व्यायाम मी दिले नाहीत. चिठ्ठी लिहिली न्यूरोला, तिन्ही तक्रारी एका कागदावर, क्रमासकट, आणि जुना सीटी सोबत न्या म्हणून सांगितलं.

आता जरा मागं जाऊन आजार काय ते. मेंदूच्या आत चार पोकळ्या असतात, तिथं पाण्यासारखा द्रव तयार होत असतो, दिवसाला साधारण अर्धा लिटर. पण एका वेळी कवटीत आणि पाठीच्या कण्यात मिळून तो असतो दीडशे मिलीच्या आसपास, म्हणजे दिवसात तीनेक वेळा सगळा बदलतो. जितका तयार होतो तितकाच रक्तात शोषला गेला पाहिजे. लहान बाळांत हे बिघडलं की डोकं मोठं होतं, कारण कवटीची हाडं जुळलेली नसतात, ते लोकांना माहीत असतं. म्हाताऱ्यात कवटी वाढणार कुठं, पोकळ्या आतल्या आत हळूहळू फुगतात. पाठीत सुई घालून प्रेशर मोजलं तर नॉर्मलच्या हद्दीत येतं म्हणून नावात नॉर्मल प्रेशर. पोकळ्यांच्या कडेनं पाय आणि लघवीवर ताबा ठेवणारे तंतू जातात, त्यांना ताण बसतो असं साधारण समजलं जातं, पण तेवढ्यानं सगळं उलगडत नाही.

हे पहिल्यांदा ओळखलं कोलंबियातल्या बोगोटाचे न्यूरोसर्जन सालोमोन हकीम यांनी. १९५७ मध्ये त्यांच्याकडे अपघातात डोक्याला मार लागलेला १६ वर्षांचा मुलगा होता, पोकळ्या मोठ्या पण प्रेशर नॉर्मल. तपासणीसाठी थोडं पाणी काढलं तर मुलगा सुधारला. १९६५ मध्ये त्यांनी आणि बोस्टनच्या रेमंड अ‍ॅडम्स यांनी मिळून हा आजार नाव देऊन जगापुढं मांडला. म्हणजे साठ वर्षं झाली. तरी आजही आपल्याकडे म्हाताऱ्याचं चालणं बिघडलं की पहिलं उत्तर 'वय झालं की आता'. स्वीडनमध्ये गोथेनबर्गच्या वयस्क लोकांवर केलेला एक अभ्यास २०१४ मध्ये छापून आला, त्यात ऐंशीच्या पुढच्या लोकांत जवळजवळ सहा टक्क्यांमध्ये एनपीएचसारखं चित्र दिसलं. आपल्या गल्लीत ऐंशीच्या पुढचे किती आहेत ते मोजा जरा. मेंदूज्वर, टीबीचा मेनिंजायटिस, मेंदूतला रक्तस्राव किंवा डोक्याला मार, यानंतरही हे होतं, तेव्हा कारण सापडतं. तात्यांना तसं जुनं काही नव्हतं, पडणं तर चाल बिघडल्यानंतरचं.

एमआरआय झाला. न्यूरोसर्जननी स्क्रीनवर मुलाला नीट दाखवलं, त्यातलं मुख्य सांगते. मेंदूतल्या पोकळ्यांच्या पुढच्या टोकांची (शिंगांची) रुंदी भागिले त्याच पातळीवरची कवटीची आतली रुंदी, याला इव्हान्स इंडेक्स म्हणतात, ०.३ च्या वर गेला तर पोकळ्या मोठ्या. तात्यांचा ०.३७. पण नुसत्या मोठ्या पोकळ्यांवर जाऊ नये, मेंदू आकसला तरी त्या मोठ्या दिसतात, सीटीच्या रिपोर्टमध्ये तेच लिहिलं होतं. फरक वर टाळूकडं बघून कळतो. मेंदू आकसला असेल तर घड्यांमधल्या भेगा सगळीकडं रुंद होतात. एनपीएचमध्ये टाळूजवळच्या भेगा दाबून गच्च झालेल्या आणि खाली कानाच्या बाजूची मोठी भेग मात्र रुंद. जपानी डॉक्टरांनी या चित्रावर खूप काम केलंय. शिवाय दोन पोकळ्यांमधला कॉर्पस कॅलोसमचा, म्हणजे मेंदूचे दोन अर्धे जोडणाऱ्या पट्ट्याचा, कोन नव्वद अंशाच्या आत आला की संशय पक्का होत जातो, तात्यांचा ६८. मग जुना सीटी लावून बघितला तर टाळूजवळच्या गच्च भेगा त्यातही होत्या. बघणाऱ्याला चाल माहीत नव्हती, त्याच्यापुढं 'पडल्यामुळे डोक्याला मार' एवढाच निरोप गेलेला. स्कॅनच्या चिठ्ठीवर 'दोन वर्षं चाल बिघडलीय, लघवी थांबत नाही' एवढं जरी कुणी खरडलं असतं तरी रिपोर्ट वेगळा आला असता असं मला वाटतं.

यात एक सीमाभागातली खास भानगड झाली ती सांगते. स्मरणशक्तीची टेस्ट एका ठिकाणी झाली, तीस मार्कांची असते ती, त्यात तात्यांना १४ पडले आणि 'डिमेंशिया, मध्यम' असा शिक्का. घेणारी मुलगी चांगली होती, पण प्रश्न निम्मे कन्नडमध्ये निम्मे इंग्लिशमध्ये. तात्या बाजारात, फौंड्रीत कन्नड बोलत आलेत, पण व्यवहारापुरतं. पाच शब्द लक्षात ठेवा, शंभरातून सात सात वजा करत या, एका अक्षरानं सुरू होणारे शब्द सांगा, हे परक्या भाषेत करताना ते अडखळणारच. मराठी चौथी शिकलेला माणूस. नंतर तीच टेस्ट मराठीत घेतली तर १९ आले. कमीच आहेत १९ सुद्धा, पण १४ आणि १९ मध्ये फार फरक पडतो, कारण डिमेंशिया फार पुढं गेलेला असेल तर ऑपरेशनचा फायदा कमी होतो असं धरतात आणि केस बाजूला टाकली जाऊ शकते. आपल्याकडच्या म्हाताऱ्यांना घेऊन जाताना आधीच सांगा, टेस्ट मराठीत घ्या, मागायला लाजू नका. मराठीतला फॉर्म उपलब्ध असतो.

पुढची पायरी टॅप टेस्ट. पाठीतून सुईनं ३० ते ५० मिली पाणी काढायचं आणि चाल सुधारते का बघायचं. इथं घरात मोठा गोंधळ. काकू, म्हणजे तात्यांच्या मिसेस, ठाम नाही म्हणाल्या. "पाठीतनं पाणी काढलं की माणूस लुळा पडतोय म्हणत्यात." ही भीती आपल्याकडं घराघरात आहे. सुई जिथं घालतात तिथं कण्यातला मज्जारज्जू आधीच संपलेला असतो, खाली फक्त नसांचे दोरे असतात आणि ते सुईपासून बाजूला सरकतात, आणि सिझेरियनला भूल देतात ती याच भागात. हे शेवटचं वाक्य कामाला आलं, कारण दोन्ही सुनांची सिझेरियन झालेली आणि दोघी टणटणीत समोर उभ्या. काकू गप्प झाल्या, पटलं असं नाही म्हणणार, पण गप्प झाल्या.

टॅप टेस्टमध्ये पाणी काढणं सोपं, मोजणं अवघड, आणि नेमकं मोजण्यातच ढिलाई होते. कितीतरी ठिकाणी पाणी काढतात आणि दुसऱ्या दिवशी राउंडला विचारतात, काय आजोबा बरं वाटतंय का? आजोबा म्हणतात होय. किंवा पाठ दुखतीय म्हणून म्हणतात न्हाई. याला टेस्ट म्हणत नाहीत. म्हणून मी तिथल्या फिजिओला आधीच फोन करून ठरवून घेतलं, की तीच खुर्ची, तोच कॉरिडॉर, तेच चप्पल, दहा मीटरला किती सेकंद आणि किती पावलं, वळायला किती पावलं, आणि टाइम्ड अप अँड गो. एकदा सुईच्या आधी, मग तीन तासांनी, मग दुसऱ्या दिवशी सकाळी.

४० मिली काढलं. आधी ३३ सेकंद. तीन तासांनी २७. दुसऱ्या दिवशी सकाळी २१, आणि वळायला नऊच्या जागी पाच पावलं. त्या रात्री तात्या वॉर्डमध्ये एकटेच उठून बाथरूमला जाऊन आले, सिस्टर ओरडली, मुलाला रडू आलं. चार दिवसांत सगळं परत पहिल्यासारखं झालं, ते अपेक्षितच होतं, पाणी परत भरतं. वारंवार पाणी काढत राहणं हा इलाज नव्हे, आणि "गोळीनं सुकवता येत नाही का" असं थोरल्यानं विचारलं त्याचंही उत्तर नाही असंच, पाणी कमी तयार व्हावं म्हणून अ‍ॅसिटाझोलामाइडसारख्या गोळ्या काहीजण देऊन बघतात पण एनपीएचमध्ये त्यांच्यावर भरवसा ठेवावा असा पुरावा नाही. उलट्या बाजूनं, टॅप टेस्टमध्ये फरक दिसला नाही म्हणून शंटचा, म्हणजे जास्तीचं पाणी पोटात उतरवणाऱ्या नळीचा, उपयोग होणारच नाही असंही नसतं. मग दोन-तीन दिवस पाठीत बारीक नळी ठेवून तासाला थोडं थोडं पाणी काढून बघतात. तात्यांना त्याची गरज पडली नाही.

ऑपरेशन करायचं की नाही यावर घरात बैठक बसली, पुण्याहून धाकटा आला. मलाही बोलावलं, मी सर्जन नाही हे तीनदा सांगूनसुद्धा. ऑपरेशन असं की कवटीला बारीक भोक पाडून पोकळीत नळी सोडायची, ती कानामागून कातडीखालून मान, छाती करत पोटात न्यायची, मधे एक व्हॉल्व, जास्तीचं पाणी पोटात उतरतं आणि तिथं शोषलं जातं. काकूंना हे पटवायला मी आणि मुलगा कागदावर चित्रं काढत होतो, तर तात्याच कोपऱ्यातनं बोलले, "खाचरात पाणी तुंबलं की बांधाला मोरी पाडत्यात. तसं हाय की ते." मग कुणीच काही बोललं नाही, बैठक तिथंच अर्धी संपली. ज्याला मध्यम डिमेंशिया म्हणून शिक्का मारला होता त्यानं हे सांगितलं हं.

सर्जननी जे सांगितलं ते मला आवडलं, कारण गोड गोड नव्हतं. म्हणाले चाल सुधारायचे चान्स चांगले आहेत, लघवी बघू, विसरण्याचं मी काही कबूल करत नाही. याला आधार आहे. २०२५ मध्ये एक मोठा अभ्यास छापून आला, ९९ पेशंट, सगळ्यांना शंट घातला पण निम्म्यांचा व्हॉल्व चालू ठेवला आणि निम्म्यांचा इतका वरच्या प्रेशरला सेट केला की पाणी जवळजवळ जाऊच नये, कुणाचा चालू कुणाचा बंद हे पेशंटला माहीत नाही. तीन महिन्यांनी ज्यांचा चालू होता त्यांची चाल स्पष्ट वेगवान झाली आणि ते पडलेही कमी, ज्यांचा बंद होता त्यांची चाल जवळजवळ तशीच. पण स्मरण आणि लघवी, यात त्या तीन महिन्यांत दोन गटांत ठोस फरक दिसला नाही. दुसऱ्या बाजूला चालू व्हॉल्ववाल्यांत मेंदूभोवती रक्त जमणं आणि उभं राहिल्यावर डोकं दुखणं जास्त. म्हणून 'बरा होणारा डिमेंशिया' असल्या मथळ्याचे जे व्हॉट्सअ‍ॅप फॉरवर्ड फिरतात ते वाचून माझं डोकं फिरतं. लोक विसरणं बरं करायला येतात आणि चाल सुधारली तरी नाराज होऊन जातात. बरा होण्यासारखा आजार आहे हा, पण पायांचा भाग सगळ्यात आधी आणि सगळ्यात भरवशानं.

व्हॉल्व कुठला, यावर पैशाचा विषय आला. साधे शंट स्वस्त असतात, उत्तर प्रदेशात शाहजहानपूरला तयार होणारा छाब्रा शंट देशभर वापरतात, काही हजारांत काम होतं आणि हजारो पेशंट त्याच्यावर चाललेत. प्रोग्रॅमेबल म्हणजे बाहेरून चुंबकाच्या यंत्रानं प्रेशर कमीजास्त करता येतं तो, त्याची किंमत लाखाच्या घरात जाते. धाकट्याच्या कंपनीच्या मेडिक्लेममध्ये आईवडील होते म्हणून प्रोग्रॅमेबल घेता आला. नसता तर साधा घातला असता आणि मी त्याला चूक म्हटलं नसतं, वाट बघत वर्ष घालवण्यापेक्षा साधा शंट कधीही बरा.

कोल्हापूर, मिरज, हुबळी की बेंगळुरू, यावर घरात जेवढी चर्चा झाली तेवढी ऑपरेशनवर नाही झाली. शेवटी बेळगावातच केलं. नंतरच्या चकरा जास्त असतात हे त्यामागचं कारण, आणि ते बरोबर ठरलं. इकोस्प्रिन आठवडाभर आधी बंद केली होती, शुगर बघून घेतली, ऑपरेशन तासा-दीड तासात आटोपलं. दुसऱ्या दिवशी उभे केले, पाचव्या दिवशी घरी.

आता माझं काम सुरू. नळी घातली म्हणजे पाय आपोआप शिकत नाहीत, दोन वर्षं खुर्चीत बसून मांड्या सुकलेल्या असतात आणि पडायची भीती मनात घर करून बसलेली असते. खुर्चीतून हात न लावता उठबस, पाऊल उंच उचलून जमिनीवरच्या काठ्या ओलांडणं, आणि सगळ्यात जास्त मेहनत वळण्यावर, कारण म्हातारी माणसं वळताना तोल जाऊन पडू शकतात. घरी जाऊन परसातल्या संडासाचा उंबरा फोडायला लावला, वाटेत शेवाळ धरलेली शहाबादी फरशी होती ती काढून खडबडीत कोबा घातला, येळ्ळूरच्या पावसात ती फरशी म्हणजे मरणच. आत कमोडची खुर्ची. काकूंना त्याची लाज वाटत होती, पाहुणे काय म्हणतील म्हणून. पाहुण्यांना तिकडं नेऊ नका म्हटलं.

दीडेक महिन्यानं अडचण आली. सकाळी उठून बसलं की डोकं दुखायचं, आडवं झालं की थांबायचं. घरच्यांना वाटलं थंडी बाधली. सुगीचे दिवस, सगळे शेतात, कुणाला वेळ नाही. पण उभं राहिल्यावर दुखणं आणि आडवं झाल्यावर थांबणं हे शंटवाल्या पेशंटमध्ये साधं घेऊ नये, पाणी जास्त उतरत असण्याची ती खूण. सीटी काढला तर मेंदूच्या बाहेरून दोन्ही बाजूंना पाण्याचा पातळ थर. रक्त नव्हतं, नशीब. सर्जननी व्हॉल्वचं प्रेशर बाहेरूनच वाढवलं, पाच मिनिटांचं काम, महिन्याभरानं परत सीटी, थर गेलेला. मग हळूच एक पायरी खाली. साधा व्हॉल्व असता तर इथं बहुतेक परत ऑपरेशन लागलं असतं. लाखभर रुपयांचा हिशोब थोरल्याला त्या दिवशी पटला, तोवर धाकट्याला शिव्या घालत होता.

व्हॉल्व चुंबकानं सेट होतो म्हणजे चुंबकापासून जपायचंही आलं. घरातले साधे मोबाईल चालतात पण शंटच्या बाजूच्या कानाला चिकटवून ठेवू नयेत, स्पीकर, हेडफोन उशाला घेऊ नयेत, एमआरआय करायचाच झाला तर आधी सांगायचं आणि नंतर सेटिंग तपासून घ्यायचं. हे सगळीकडं सांगतात. पण थोरला मुलगाही फौंड्रीतच आहे आणि तात्या चालायला लागल्यावर त्यांचा पहिला बेत काय, तर जुन्या मित्रांना भेटायला फौंड्रीत जायचं! तिथं भंगार उचलायचा क्रेनचा इलेक्ट्रोमॅग्नेट. डिस्चार्जच्या कुठल्याच कागदावर हे लिहिलेलं नसतं. सर्जननाही विचारल्यावर एक सेकंद थांबावं लागलं. ठरलं असं की गेटवरच्या चहाच्या टपरीपर्यंत जायचं, शेडमध्ये नाही. उद्यमबाग, मच्छे, होनगा पट्ट्यात निम्मी घरं फौंड्री आणि मशीन शॉपवर चालतात, तिथल्या शंटवाल्यांनी हे जरूर विचारून घ्यावं.

आता आकडे. ऑपरेशनआधी टाइम्ड अप अँड गो ३४ सेकंद, तीन महिन्यांनी १८, वर्षानं १६. वळायला चार पावलं. शेतावर जातात, बांधावरून नाही पण पाणंदीनं, हातात काठी, ती काठी कधीकधी नुसतीच काखेत. लघवी दिवसा थांबते, डायपर दिवसाचा सुटला, रात्री अजून घाई होते म्हणून कॉटजवळ भांडं. प्रोस्टेटची गोळी आता कमी डोसवर आहे, प्रोस्टेट काही खोटी नव्हती, एका माणसाला दोन आजार असू शकतात. स्मरणाचे मार्क १९ वरून २१, म्हणजे जवळजवळ तिथंच. बोलणं वाढलंय, मधेच गप्प बसणं कमी झालंय, सुनेच्या मते "पहिल्यासारखे भांडायला लागलेत." भिशीचा हिशोब मात्र परत जमला नाही, वही आता पुतण्याकडं. याचं त्यांना वाईट वाटतं, बोलून दाखवतात. चाल बिघडल्यावर दोन वर्षं गेली नसती तर हिशोब राहिला असता का? काहीजणांत अल्झायमरही सोबतीला असतो आणि तो नळीनं जात नाही, तात्यांत तो आहे का हे पुढची काही वर्षं दाखवतील. पण उशिरा शंट घातलेल्यांचा निकाल लवकर घातलेल्यांपेक्षा कमी चांगला असतो हे मात्र दिसून आलेलं आहे.

घरच्यांकडं एक कार्ड आहे, त्यावर व्हॉल्वचं नाव, मॉडेल, सध्याचं सेटिंग आणि बदलल्याच्या तारखा, फोटो सगळ्यांच्या मोबाईलमध्ये. ताप येऊन मान ताठ झाली, पोटात सतत दुखलं, नळीच्या रेषेवर लाली किंवा सूज दिसली, गुंगी वाढली किंवा चाल परत पहिल्यासारखी घासायला लागली तर वाट न बघता जायचं. त्यातलं शेवटचं मी ठळक लिहून दिलंय, कारण नळी चोंदली की पहिली कुरकुर पायच करतात. दर महिन्याच्या एक तारखेला सून अंगणात तीन मीटरची खूण करून मोबाईलवर टाइम लावते आणि मला सेकंद पाठवते. वीसच्या वर गेलं तर फोन, असं ठरलंय.

सध्या विषय हर्नियाचा चाललाय, जांघेतला, जुनाच आहे, आता चालायला लागल्यावर त्रास द्यायला लागला. पोटात नळीचं टोक आहे म्हणून जनरल सर्जननी दुर्बिणीऐवजी उघड्या पद्धतीनं करू म्हटलंय आणि न्यूरोसर्जनना फोन लावून मगच पुढं जायचं ठरवलंय. इकोस्प्रिन परत बंद करावी लागेल. काकू म्हणतात गणपती होऊ देत, मग बघू.